चौथ्या नमुन्याचे गुण

चौथ्या पेल्याला नाक लावलं आणि मी मान मागे घेतली. कोणाच्या लक्षात आलं नाही. तिघेही आपापल्या निळ्या पेल्यांत डोकं घालून बसले होते. सदाशिवराव सर डोळे मिटून, सुमीत कपाळाला आठी घालून, अनय खिडकीबाहेरच्या संत्र्याच्या झाडांकडे बघत. रविवार, सकाळचे सव्वाअकरा. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापायला लागलं होतं, पण कूलर बंद होता, कारण कूलरच्या ओल्या गवताचा वास पेल्यातल्या वासावर चढतो, असं सरांचं म्हणणं. मानेवरून घाम ओघळत होता. मी पुन्हा नाक लावलं. चूक नव्हती. आधी भिजलेले मनुके, मग भाताची पेज आंबायला लागली की येतो तो वास, आणि अगदी तळाशी ओल्या लाकडाचा धूर. हा वास स्कॉटलंडहून आलेला नव्हता. हा वडनेरच्या पुढे, डांबरी रस्ता संपल्यावर पळसाच्या झाडांआड जी आमची पंधरा घरं आहेत, त्यातल्या एका घराच्या परसातून आलेला होता. त्या परसात चूल आहे, चुलीवर हंडा आहे आणि हंड्यासमोर माझी माय बसते.

आमचं मंडळ चौघांचं. वर्धा जिल्हा दारूबंदीचा, कोरडा, म्हणजे कागदावर कोरडा. तो किती ओला आहे ते कोणत्याही नालीत पडलेले रिकामे पव्वे सांगतील. पण आम्ही सभ्य माणसं. आम्ही हद्द ओलांडतो. बुटीबोरीच्या अलीकडे जिल्हा संपतो, तिथून दीड किलोमीटरवर सरांचं शेतघर आहे, आणि महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तिथं जमून सिंगल माल्ट व्हिस्कीला गुण देतो. पितो असं म्हणता येणार नाही. वास घेतो, घोट जिभेवर फिरवतो, स्टीलच्या बादलीत थुंकतो आणि वहीत आकडे लिहितो. नाकाचे पंचवीस, चवीचे पंचवीस, थुंकल्यावर घशात जे मागे राहतं त्या शेवटाचे पंचवीस आणि एकूण तोलाचे पंचवीस. कुठली बाटली आहे ते कळू नये म्हणून नमुने खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटल्यांत भरायचे, वर फक्त क्रमांक. रंगानं फसू नये म्हणून पेले निळे. सगळ्या नमुन्यांची नावं एका बंद पाकिटात, ते शेवटी फोडायचं. सदाशिवराव सर शुक्रवारपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडतात, आणि ज्या माणसानं तीस वर्षं खर्रा तोंडात धरून रसायनशास्त्र शिकवलं त्याच्यासाठी हा उपासच आहे. सुमीत दातांचा डॉक्टर, भाऊ परदेशात, म्हणून बाटल्या त्याच्याकडून येतात. अनय घरांचे नकाशे काढतो, दोनदा स्कॉटलंडला जाऊन आलाय आणि ते कोणाला विसरू देत नाही. मी रक्षा मडावी, वर्ध्याच्या एका कॉलेजात सरांच्याच विभागात शिकवते. मायला हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा ती म्हणाली, "थुकता? मंग तोंडात कायले घेता?" मी म्हटलं, मार्क द्याले. तिला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला.

मला मंडळात घेतलं ते नाकासाठी. प्रयोगशाळेत एकदा उंदरांनी बाटल्यांवरची लेबलं कुरतडली होती. सर तेव्हा विभागप्रमुख होते. सगळा साठा फेकून द्यायला निघाले होते. मी हातानं वारा घेत एकेका बाटलीचा वास घेतला आणि नावं सांगत गेले. मग सरांनी तपासून पाहिलं, एकही चुकलं नव्हतं. "हे कुठं शिकलीस?" त्यांनी विचारलं, आणि मी सवयीनं म्हणाले की शिकले नाही, आपोआप येतं. ते खोटं होतं. माझं नाक भीतीनं तयार झालंय. नऊ वर्षांची असताना आमच्या वस्तीत पोलिसांची जीप आली, जीपमागून टेम्पोतून गावातल्या बाया आल्या, आणि त्यांनी मायचा हंडा परसातून ओढून काढून दगडानं फोडला. त्या बायांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या घरी नवरे मारत होते, आणि माय दारू फक्त पेनासाठी, आमच्या देवासाठी गाळत नव्हती, विकतही होती. पण फुटलेल्या हंड्यातलं जे होतं ते माझ्या पायांवरून वाहत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मुलींनी नाकं धरली. तिथून पुढे सात वर्षं मी रोज सकाळी शाळेत जाण्याआधी स्वतःचा वास घेत होते. वेणी, बाही, दप्तराचा पट्टा, वहीची पानं. कुठं मोहाचा, कुठं धुराचा, कुठं साबणाचा, कोणता वास कोणाच्या खाली दडतो ते मला त्या सात वर्षांत कळलं. होस्टेलला गेल्यावर मी केसांना लिंबू चोळत असे. मैत्रिणींना वाटायचं, कोंड्यासाठी.

तर हा वास निळ्या पेल्यात, माझ्यासमोर, सरांच्या पॉलिश केलेल्या टेबलावर. तो इथं कसा आला हा प्रश्न मला लगेच पडलाच नाही. आली ती जुनी भीती, आणि तीही अशी की जणू मी वेणी घातलेली मुलगी आहे आणि आता तिघे मिळून नाकं धरणार आहेत. मी घोट घेतला, फिरवला, थुंकला. चव घेतली असं म्हणवत नाही. पेन्सिल उचलली आणि कागदावर लिहिलं: नाक चौदा, चव पंधरा, शेवट चौदा, तोल पंधरा. एकूण अठ्ठावन्न. शेऱ्यात लिहिलं, "कच्ची, गावंढळ." चार वर्षांत मी एकदाही खोटा आकडा लिहिला नव्हता. अनयनं कौतुकानं आणलेल्या महागड्या बाटलीला त्याच्या तोंडावर एकोणसत्तर दिले होते आणि तो महिनाभर माझ्याशी धड बोलला नव्हता, तरी मी एक गुण वाढवला नव्हता. कोणी कोणाची असो, नाक जे सांगेल ते लिहायचं, एवढाच माझा ताठा. तो मी एका घोटात सोडून दिला आणि पाचव्या पेल्याकडे वळले.

सहा नमुने झाल्यावर आकडे वाचायची वेळ आली. वही माझ्याकडे असते, अक्षर चांगलं म्हणून. बायकांकडे वह्या अक्षरासाठीच येतात. चौथा क्रमांक आला तेव्हा सर खुर्चीत सरसावले.

"त्र्याण्णव," ते म्हणाले. "मी आजवर त्र्याण्णव दोनदाच दिलेत. शेरी वाइनच्या जुन्या पिंपात ठेवलेली आहे. अठरा वर्षं, कमी नाई. मनुका काय लागतो! आणि मागून धूर येतो, पण कसा, दबकत."

"एक्याण्णव," अनय म्हणाला. "मला तर समुद्र दिसला सर. तिथं किनाऱ्यावर उभं राहिलं की हवेत हेच असतं."

सुमीतचे नव्वद. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी अठ्ठावन्न म्हणाले आणि शेराही वाचला.

"सर्दी झाली काय तुले?" सर हसले. "अगं, तुझ्यामुळं सरासरी त्र्याऐंशीवर आली. नाहीतर ही वर्षाची पहिलीच होती. एकोणनव्वदच्या वर यंदा काही गेलंच नाही."

आमची वर्षाची पहिल्या दहांची यादी पुण्या-मुंबईच्या मंडळांकडे जाते. तिथले लोक ती वाचतात, सरांना फोन करतात. निवृत्तीनंतर सरांना येणारे हेच काय ते फोन. सुमीतनं पाकीट फोडलं. पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा. चौथ्यापुढे त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "अनयचा गूढ नमुना."

"माझा?" अनय म्हणाला. "मी आणणार होतो, पण राहून गेलं ना यार. मी आलोच नाही इकडे."

"मग भरली कोणी?" सुमीत म्हणाला. "गुरुवारी रक्षाताईंच्या घरून डबा आणून तसाच इथं ठेवला. आज सकाळी उघडला तर पाच रिकाम्या आणि एक भरलेली. मले वाटलं तू भरून गेलतास."

बाटल्या माझ्या घरच्या. मी त्या जमवते, डिस्टिल्ड पाण्यानं धुते, वाळवते आणि दर महिन्याला सहाचा डबा करून देते. गुरुवारी मी कॉलेजात होते. माय आठवड्यापासून माझ्याकडे वर्ध्यात, नालवाडीला आली आहे, येताना आपली मोहाची घेऊनच येते, आणि डबा तिनंच सुमीतच्या हातात दिला होता. आता सगळं लख्ख होतं. गप्प राहणं अगदी सोपं होतं. बाटली कुठून आली कळत नाही म्हटलं असतं, नमुना बाद झाला असता, बारा वाजता आम्ही वरण-भात खाल्ला असता आणि संध्याकाळी मी घरी जाऊन मायवर डाफरले असते. चौथा पेला अजून माझ्यासमोर होता, तळाशी दोन घोट. खोली तापली होती आणि त्यामुळं वास वर येत होता. आता तर तो सबंध टेबलावर पसरला होता आणि कोणीही नाक धरलेलं नव्हतं. उलट अनय पेला पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होता. मला राग आला, पण कोणावर ते कळेना, आणि मग कळलं की तो त्या अठ्ठावन्नवर आहे. जीपमागून आलेल्या बायांनी हंडा एकदा फोडला. मी तो आज, कोणी सांगितलं नसताना, पेन्सिलीनं फोडला होता.

"माझ्या घरची आहे," मी म्हणाले. "माझ्या मायनं गाळलेली. मोहाची, पहिल्या धारेची."

अनयनं पेला खाली ठेवला. आधी त्याला हसू आलं, मग सरांचा चेहरा बघून गेलं. सुमीत उठून पाणी प्यायला. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि मला त्यांची खरोखर कीव आली. या माणसानं मला शिकवलं, नोकरीत उभं केलं, आपल्या टेबलाशी बसवलं.

"मुद्दाम ठेवली?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. मला नाकाला लागेपर्यंत माहीत नव्हतं."

"ठीक आहे. चूक झाली. चौथ्यापुढे लिही, नमुना बाद."

"का?"

"का म्हणजे? ही सिंगल माल्ट नाही."

"पण आपण त्या जांभळाच्या वाइनला दिवाळीत गुण दिले होते. ते वहीत आहेत."

"ती गंमत होती, रक्षा. आणि ती कायदेशीर होती. हे..." ते शब्द शोधत होते. "हे तुमच्या लोकांचं आहे, त्याचा मला अनादर नाही. सणावाराला, देवाला, सगळं ठीक. पण मोहाची वर्षाच्या यादीत? लोक हसतील आपल्याला. चाळीस वर्षं चाखून मी या विषयात नाव कमावलंय."

"हसतील कशाला? त्र्याण्णव तुम्हीच दिले."

"ताई, जाऊ द्या ना," सुमीत म्हणाला. "आईंच्याच अंगावर येईल. वर्धा जिल्ह्यात गाळलेली, आणि आपण ते लिहून ठेवायचं?"

सुमीतचं बोलणं खरं होतं आणि मला ते टाळता येईना. सरांनी वही पुढे ओढली. मी तिच्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी सरांसमोर अशी कधी बसले नव्हते, त्यांचा हात एका बाजूला, माझा दुसऱ्या, आणि मध्ये शंभर पानी वही.

"आकडे राहतील, सर," मी म्हणाले. "वही तुम्हाला फाडायची तर फाडा, पण मी बाद लिहिणार नाही. मंडळातून काढायचं तर काढा. पुढच्या महिन्यात दुसरं नाक शोधा."

"अस्सं." ते मागे टेकले, आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं जे त्यांच्या जागी मीही विचारलं असतं. "मग तू काऊन अठ्ठावन्न दिले? आम्ही तिघं मूर्ख. आम्हाला आवडली, आम्ही दिले. तुला तर ठाऊक होतं कोणाची आहे ते. गावंढळ कोणी लिहिलं?"

उत्तर एकच होतं आणि मी ते दिलं. "लाज वाटली म्हणून लिहिलं. ते गुण खोटे आहेत. चार वर्षांतले पहिले खोटे. मला पुन्हा चाखायची आहे."

नियमात पुन्हा चाखणं बसतं. आकडे वाचल्यावर बसत नाही, पण मला कोणी अडवलं नाही. मी चौथी बाटली घेतली, उरलेली पेल्यात ओतली. आमच्याकडे घोट घेण्याआधी पूर्वजांसाठी चार थेंब जमिनीवर सांडतात. मी फरशीवर सांडले, सरांच्या पांढऱ्या फरशीवर, आणि पुसले नाहीत. मग वास घेतला, या वेळी अंग चोरून नाही. मनुका होताच, पण त्याच्या मागे मला आधी न लागलेलं काहीतरी होतं, थोडं गवती, थोडं मधासारखं, पहाटे फुलं वेचताना बोटांना चिकटतं तसं. जिभेवर ती गोल होती, टोचत नव्हती. मायचा हात अजून पक्का आहे, मला वाटलं. मी गिळली. घशात ऊब उतरली, आणि मग तिथं धूर आला आणि जायचं नावच घेईना. मनुका, मध, सगळं त्यानं झाकलं. मायची लेक म्हणून मला तो धूर आवडत होता. गुण देणारी म्हणून तो जास्त होता. मी थांबले, कारण आता दुसऱ्या बाजूनं खोटं लिहायचा मोह होत होता. शंभर लिहावेत, सरांच्या नाकावर टिच्चून लिहावेत असं फार वाटलं. मग लिहिलं: नाक चोवीस, चव तेवीस, शेवट अठरा, तोल एकवीस. शहाऐंशी. अठ्ठावन्नवर एक आडवी रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी सही केली.

अनयनं मोबाइलवर गणित केलं. "नव्वद सरासरी," तो हळूच म्हणाला. "पहिली आली सर."

राहिला नावाचा रकाना. तिथं गाळणाऱ्याचं नाव आणि ठिकाण लिहितात. सुमीतनं नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की इथला निर्णय माझा नाही. मी फोन लावला आणि टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"माय, त्या डब्यात तू बाटली भरून धाडली?"

"हो मंग. सहा रिकाम्या बाटल्या पराया माणसाच्या हाती देऊन राह्यली होती तू. रिकामं भांडं कोणाच्या घरी धाडत नाईत, एवढं बी तुले शिकोलं नाई का म्या? एक भरली. काऊन, सांडली का?"

"नाई. त्याईनं चाखली. मार्क देल्ले."

"किती?"

"म्या शंभरात शहाऐंशी देल्ले."

"चौदा कायचे कापले?"

सुमीतनं हसू दाबलं. मी म्हणाले, "शेवटी धूर लय येते, माय. बाकीची चव झाकते. जाळ मोठा होता का?"

"जाळ नाई. लाकूड ओलं होतं," माय म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. अशा आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती, शेजारच्या गाळणाऱ्या बाईशी बोलावं तसं ती बोलत होती. "मले बी वाटलं होतं. बराबर कापले. आन त्या तुह्या सरनं किती देल्ले?"

"त्र्याण्णव."

"सात जास्तीचे झाले म्हणाव."

सर फोनकडे बघत होते. त्यांनी वहीवरचा हात काढून मांडीवर घेतला.

"माय, ऐक," मी म्हणाले. "इथं वहीत तुहं नाव लिहा लागते. हे वही लोकाईच्या हाती जाते. उद्या कोणी पाह्यलं त पुन्हा जीप येईन तुह्या दारात. सांग, लिहू का नोको लिहू?"

मागे नळाचं पाणी चालू होतं, ते तिनं बंद केलं.

"आजवरी जे आले ते फोडाले आले," ती म्हणाली. "कशी झाली हे सांगाले कोणी नाई आलं. लिही. पुरं लिहिजो, तुह्या बापाच्या नावासंगं. आन गाव बी टाक, नाईतं कोण्या दुसऱ्या धुरपताचं समजतीन."

मी लिहिलं.